'गेमिंग सर्व्हर पॅकेज'च्या नावाखाली आम्हाला लुटलं, तुम्ही तरी आधी हे वाचा

परीक्षा संपत आल्या, आता सुट्टीत घरीच माइनक्राफ्ट गेमचा सर्व्हर (ज्या मशीनला जोडून सगळे एकाच जगात खेळतात ते) टाकायचं बऱ्याच जणांच्या डोक्यात असणार म्हणून हे लिहितोय. आम्ही आठ मित्र, काही नाशिकला, काही पुण्याला, एक संभाजीनगरला, एक शिकायला जर्मनीत. सगळ्यांनी वर्गणी काढून 31 हजार जमवले, त्यात दोघांचे ट्यूशन घेऊन कमावलेले पैसे होते, आणि ते एका माणसाने गोड बोलून काढून घेतले. राग अजून गेलेला नाही.

हा माणूस सेकंडहँड कॉम्प्युटर विकतो आणि आमच्या भागातल्या ब्रॉडबँडची फ्रँचायझी पण त्याच्याकडेच. आम्ही नीट सांगितलं होतं की आठ जण, मॉडपॅकसकट (गेममध्ये नवीन गोष्टी घालणाऱ्या जोडफायलींचा संच), बाहेरून जॉइन होणार. तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही टेन्शनच घेऊ नका, मशीन, 100 एमबीपीएस लाइन आणि स्टॅटिक आयपी, सगळं पॅकेजमध्ये, चालू करून देणार." मशीनचे 26 हजार, राउटर आणि फिटिंगचे अडीच, स्टॅटिक आयपीचे (म्हणजे लाइनचा न बदलणारा इंटरनेट पत्ता, ज्यावर बाहेरचे जॉइन होतात) वर्षाचे अडीच.

मशीन म्हणजे "सोळा कोरचा सर्व्हर प्रोसेसर, 32 जीबी रॅम, नवीन एसएसडी". घरी आणून सीपीयू-झेड (प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकलं तर इंटेलचा झिऑन ई5-2670 निघाला, 2012 चा. कोर आठ, सोळा तर थ्रेड आहेत, म्हणजे एका कोरवर एकाच वेळी चालणारी दोन-दोन कामं. बेस स्पीड 2.6 गिगाहर्ट्झ. कंपन्यांच्या डेटा सेंटरमधून भंगारात निघालेले हे प्रोसेसर बिननावाच्या चायनीज बोर्डवर बसवून विकतात, त्यात बेकायदा काही नाही, पण जे आहे ते सांगून विका ना. एसएसडी क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये बघितली, पॉवर ऑन अवर्स (चालू राहिल्याचे तास) 31 हजारांच्या वर! वर्षाचे तास होतात 8,760, म्हणजे ही "नवीन" एसएसडी साडेतीन वर्षं रात्रंदिवस कुठेतरी चाललेली होती आणि त्यावर नवं कोरं स्टिकर चिकटवलेलं.

खेळायला बसलो तर पाच-सहा जण आले की गेम अडकायचा. ब्लॉक फोडला की परत यायचा, गाई जागच्या जागी थरथरायच्या, आणि कन्सोलवर "कान्ट कीप अप! इज द सर्व्हर ओव्हरलोडेड?" ची रांग. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला 20 टिक मारतो (एक टिक म्हणजे गेमचं जग एकदा पुढे सरकणं), म्हणजे एका टिकला 50 मिलिसेकंद, आमचे टिक 11-12 वर यायचे. दुकानात गेलो तर त्याने आमच्याच मशीनवर टास्क मॅनेजर उघडून दाखवला, सीपीयू 12 टक्के. "बघा भाऊ, मशीन तर झोपलंय, तुमच्या गेमचाच प्रॉब्लेम आहे." हे ऐकून कुणीही गप्प बसेल म्हणून मुद्दाम सांगतो, तो 12 टक्के आकडाच फसवा आहे. गेमचं मुख्य काम, मॉब (गेममधले प्राणी-राक्षस), रेडस्टोन (गेममधली वायरिंग), फार्म वगैरे, बहुतेक एकाच थ्रेडवर चालतं. सोळा आचारी उभे केले तरी तवा एकच असेल तर पोळ्या तेवढ्याच होणार. सोळापैकी एक थ्रेड पूर्ण भरला तरी टास्क मॅनेजरमध्ये सहा-सात टक्केच दिसतात. म्हणून या कामाला कोर किती ते विचारू नका, एका कोरचा स्पीड विचारा, अलीकडचा साधा आय3 सुद्धा यात त्या झिऑनला सहज मागे टाकतो. आणि 32 जीबीचं आमिष पण तसंच, आठ जणांना साध्या गेमला 4 ते 6 जीबी, मॉडपॅक असेल तर 8 ते 10 जीबी पुरतात. वर ते मशीन वीज किती खातं बघा, 120 वॉट धरले तरी चोवीस तास चालू ठेवलं तर महिन्याला 86 युनिट जास्तीचे, घरचं बिल 100 युनिटच्या पुढच्या स्लॅबमध्ये गेलं की दर पण वाढतो.

पण खरी लबाडी स्टॅटिक आयपीमध्ये होती. त्याने व्हॉट्सॲपवर आकडा पाठवला, 100.72 ने सुरू होणारा, "हा तुमचा स्टॅटिक आयपी, बदलणार नाही." राउटरमध्ये 25565 पोर्ट फॉरवर्ड केला (म्हणजे गेमसाठी बाहेरून येणारं कनेक्शन आपल्या मशीनकडे वळवलं), घरातून जॉइन व्हायचं, बाहेरच्या एकालाही नाही, कनेक्शन टाइम्ड आउट. तो म्हणे जर्मनीवाल्याचं नेट खराब आहे. अरे मग पुण्याच्या तिघांचं पण खराब? 100.64 पासून 100.127 पर्यंतचे आयपी हे सीजीनॅटसाठी राखीव आहेत, म्हणजे कंपनी एका पब्लिक आयपीमागे अनेक घरं बसवते आणि आतल्या आत हे नंबर वाटते, बाहेरून त्यावर कुणी पोचूच शकत नाही. तो नंबर बदलत नव्हता हे खरं, पण त्याचा उपयोग शून्य. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, राउटरच्या पेजवर वॅन आयपी (राउटरला कंपनीकडून मिळालेला आयपी) बघा, मग गुगलवर स्वतःचा आयपी बघा, दोन्ही जुळले नाहीत तर तुम्ही पण सीजीनॅटमागे आहात आणि पोर्ट फॉरवर्ड करून काही होणार नाही.

लाइनचं पण तेच. 100 एमबीपीएस होती फक्त डाउनलोडला, अपलोड जेमतेम 8, आणि सर्व्हर घरी असला की चालतं ते अपलोड. एका खेळाडूमागे 1 एमबीपीएस धरलं तर आरामात होतं, म्हणजे आठ जणांना ते काठावर, त्यात घरात कुणी व्हिडिओ कॉल लावला की सगळ्यांचा पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) वर. प्लॅन घेताना अपलोडचा आकडा वेगळा लिहून मागा.

शेवटी आम्ही थेट ब्रॉडबँड कंपनीच्या कस्टमर केअरला मेल टाकला, तर उत्तर आलं की तुमच्या अकाउंटवर स्टॅटिक आयपीची रिक्वेस्ट कधी आलेलीच नाही. म्हणजे अडीच हजार सरळ त्याच्या खिशात! तो मेल त्याला फॉरवर्ड केला तर संध्याकाळी एक शब्द न बोलता तेवढे पैसे यूपीआयने परत. मशीनचे मात्र "सर्व्हर मटेरियलला रिटर्न नसतो" म्हणून हात वर केले. बिलावर नुसतं "कॉम्प्युटर सेट 1 नग", ना प्रोसेसरचं नाव ना सिरियल नंबर ना जीएसटी. पण "नवीन एसएसडी", "सोळा कोर" हे त्याचे व्हॉट्सॲप मेसेज आमच्याकडे आहेत. 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आहे, तिथे नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दोन वर्षांच्या आत जाता येतं.

सध्या संभाजीनगरच्या मित्राच्या लॅपटॉपवर सर्व्हर चालवतोय, टेलस्केल (सगळ्यांच्या मशीन एका खाजगी नेटवर्कमध्ये जोडणारं सॉफ्टवेअर) टाकून, त्याला पब्लिक आयपी लागत नाही, फक्त प्रत्येकाने आपापल्या मशीनवर ते टाकावं लागतं. टिक 20 वर टिकून आहेत. आणि त्या माणसाच्या दुकानाबाहेर पॅकेजचा बोर्ड अजून तसाच आहे, नाशिकमध्ये आणखी कुणी त्यात अडकलं असेल तर बिल आणि चॅट जपून ठेवा आणि मला कळवा, तक्रारी एकत्र गेल्या तर बरं.