हुस्ताई: घोडे पाच तारे, कॅम्प अडीच

मंगोलियाची राजधानी उलानबातरच्या पश्चिमेला साधारण 100 किलोमीटरवर हुस्ताई राष्ट्रीय उद्यान आहे. जायचं ते ताखी घोड्यांसाठी. रानातून पार नामशेष झालेले हे घोडे 1992 पासून युरोपातून आणून इथे पुन्हा वसवले. भर दुपारी जाऊ नका, उन्हात ते डोंगरावर चढून बसतात. संध्याकाळी पाण्यावर उतरतात तेव्हा नीट दिसतात: पिवळट अंग, पांढरट तोंड, ताठ उभी आयाळ. गाइड जवळ जाऊ देत नाही, आणि तेच बरोबर.

आम्ही उतरलो त्या कॅम्पमधला ‘संस्कृती कार्यक्रम’ म्हणजे भाड्याचे झगे घालून फोटो. सोडून द्या. त्यापेक्षा एखाद्या पशुपालक कुटुंबाकडे न्यायला सांगा. उंबऱ्यावर पाय न देता गेरमध्ये, म्हणजे त्यांच्या गोल तंबूत, शिरायचं, वाटी उजव्या हाताने घ्यायची. मिठाचा दुधाळ चहा मला आवडला. ऐराग, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, आंबट ताकाच्या वळणाचं, पण चढतं हं! आरूल, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे कडक तुकडे, चघळायचं, चावायला गेलात तर दात गेला.

शाकाहारी मंडळींनी ठेपले न्यावेत. तिथे भाजी म्हणजे मटणातला बटाटा. जुलैतही रात्री स्वेटर लागतो.