मेकॅनिकचा स्टेथोस्कोप : चौदा महिने वापरल्यानंतर

डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपची चकती काढून तिथे वीतभर पोलादी सळई बसवली तर जे दिसेल, तेच हे हत्यार. इंजिनातला आवाज नेमका कुठून येतो ते सळई टेकवून ऐकायचं. सप्टेंबर २०२४मध्ये ३८० रुपयांना ऑनलाइन मागवलं. त्याच्या तीन आठवडे आधी सर्व्हिस सेंटरने माझ्या हातात ५२,४०० रुपयांचं एस्टिमेट ठेवलं होतं.

गाडी २०१७ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, चार सिलिंडर, टायमिंग चेनवाली (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारी, इंजिनाच्या आतली साखळी). तेव्हा ७१,००० किलोमीटर झाले होते. इंदूरमध्ये लोकमान्य नगरहून विजय नगरला रोजची ये-जा, आणि वर्षातून दोन-तीनदा सेंधवा-धुळे मार्गे नाशिक. ऑगस्टच्या पावसात सिग्नलला उभं असताना इंजिनातून घरघर यायला लागली. रेस केली की ती चढायची, एसी लावला की तिचा सूर बदलायचा. एसीची ही गोष्ट खरं तर सगळ्यात महत्त्वाची खूण होती, पण तेव्हा मला ते कळत नव्हतं.

सर्व्हिस सेंटरमध्ये अ‍ॅडव्हायझरने बॉनेट उघडलं, शेजारच्या बेमध्ये एअर गन चालू असतानाच अर्धा मिनिट ऐकलं आणि सांगितलं, "मॅडम, टाइमिंग चेन है. टूट गई तो पूरा इंजिन जाएगा." एस्टिमेटमध्ये चेन किट, टेन्शनर, गाइड, ऑइल पंप, लेबर. खाली टीप: इंजिन उघडल्यावर आणखी काम निघू शकतं.

त्याने घातलेली भीती खोटी नव्हती, आणि म्हणूनच मी रात्रभर जागी राहिले. चेन सुटली किंवा दात घसरली तर पुष्कळ इंजिनांत पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतो आणि मग खर्च खरोखर लाखाकडे जातो. पण चेनचं नुकसान किती मोठं असतं हे सांगणं वेगळं, आणि हा आवाज चेनचाच आहे हे दाखवणं वेगळं. दुसरी गोष्ट कुणीच केली नव्हती.

ती केली बाबांनी. बाबा इंदूरच्या कापड गिरणीत मेन्टेनन्स फिटर होते. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. सकाळी मी एस्टिमेट दाखवलं तर त्यांनी कागदाकडे न बघता विचारलं, "ऐकलं कुणी?" मग घरातला लांब पेचकस घेऊन खाली उतरले. टोक एका जागी टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची. गिरणीत शेकडो बेअरिंगं अशीच तपासायचे म्हणे. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, मग एसीचा कॉम्प्रेसर, मग बेल्टला ताण देणारी छोटी पुली. तिथे ते थांबले आणि मला म्हणाले, "अगं, ये, लाव कान." जात्यात खडा अडकावा तसा आवाज सरळ डोक्यात शिरला. टोक चेनच्या कव्हरवर नेलं तर नुसती इंजिनाची एकसारखी धडधड.

ओळखीच्या मिस्त्रीने त्याची खात्री केली ती पद्धत प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असावी असं मला वाटतं. ज्याला आपण फॅन बेल्ट म्हणतो तो बाहेरचा पट्टा काढायचा आणि इंजिन वीस-तीस सेकंद चालवायचं. आवाज गेला तर दोष पट्ट्यावर चालणाऱ्या वस्तूंत आहे: अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर, आयडलर (पट्ट्याला वळण देणारी पुली), टेन्शनर (त्याला ताण देणारी), आणि पट्ट्यावर असेल तर वॉटर पंप. आवाज राहिला तर इंजिनाच्या आत बघायचं. यापेक्षा जास्त वेळ चालवायचं नाही, कारण वॉटर पंप त्याच पट्ट्यावर असेल तर पाणी फिरत नाही आणि इंजिन तापतं. माझ्या गाडीचा आवाज पट्ट्याबरोबर गेला. एसीचा कॉम्प्रेसरही याच पट्ट्यावर, म्हणूनच एसी लावला की सूर बदलायचा. नवी टेन्शनर पुली, नवा बेल्ट आणि मजुरी मिळून २,०५० रुपये. आज ८४,००० किलोमीटर झाले, ती घरघर परत आलेली नाही.

मग पेचकस असताना हे यंत्र कशाला? कारण बाबांचे कान. लूमच्या खडखडाटात वर्षं काढलेल्या माणसाचे बारीक, उंच सूर आधी जातात. घरघर त्यांना अजून नेमकी कळते, टिकटिक कळत नाही. ती मलाच ऐकावी लागणार होती, आणि माझ्या कानाला पेचकसातून सगळंच एकसारखं लागत होतं. स्टेथोस्कोपमध्ये दोन्ही कान बंद होतात, बाहेरचा गोंगाट तुटतो आणि सळईचं टोक दोन इंच सरकवलं तरी फरक कळतो. फक्त शिकायला वेळ लागतो. पहिले दोन महिने मला सगळीकडे बिघाडच ऐकू येत होता. चांगलं बेअरिंग, चालू इंजेक्टर, तेलाचा पंप, सगळेच बोलतात. म्हणून घेतल्या घेतल्या दोष शोधू नका. गाडी ठीक असताना महिन्यातून एकदा, त्याच जागांवर ऐका. निरोगी आवाज ओळखीचा झाल्याशिवाय बिघडलेला कळत नाही.

ऑक्टोबरात टिकटिक सुरू झाली. बाहेर कुणीतरी टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) सांगितलं, व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे त्यांच्यातली फट, नीट करून घ्या म्हणाले. मी सळई टॅपेट कव्हरवर ठेवली, काही नाही. इंजेक्टरवर ठेवली, तिथे ठरलेली नाजूक टकटक. शेवटी इनटेकच्या बाजूला एका छोट्या प्लॅस्टिकच्या डबीवर ठेवली तर टिकटिक तिथूनच. तो पर्ज व्हॉल्व्ह. टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडताना तो उघडझाप करतो आणि वाजतो. बिघाड नव्हताच. खर्च शून्य. टॅपेटची टिकटिक ओळखायची तर एक गोष्ट लक्षात ठेवा: व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट हा पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन ८०० आरपीएमवर असेल तर एका व्हॉल्व्हची टिक मिनिटाला ४००, म्हणजे सेकंदाला सहा-सात. पर्ज व्हॉल्व्ह स्वतःच्या तालात वाजतो, रेसशी त्याचं नातं नसतं.

मानपूरच्या पुढे भेरू घाटात चढावर खणखण यायची, तिचंही असंच. ती सायलेन्सरवरच्या पातळ पत्र्याची निघाली. बोल्टचं भोक गंजून मोठं झालं होतं. ४० रुपयांची पट्टीची क्लिप आवळली आणि झालं.

जानेवारीतला प्रसंग मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण त्यात चूक सर्व्हिस सेंटरची नव्हती. कडाक्याच्या थंडीत सकाळी सेल्फ मारला की तीन-चार सेकंद खळखळ, मग शांत. या वेळी सळई चेनच्या कव्हरवर ठेवली आणि आवाज खरंच तिथलाच होता. माझं काळीज हललं, पहिल्या दिवशीचा तो अ‍ॅडव्हायझर बरोबर होता की काय! चेनला ताण देणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. रात्रभरात तेल खाली उतरलं तर दाब येईपर्यंत चेन सैल वाजते. ते तेल उतरू नये म्हणून ऑइल फिल्टरच्या आत रबराचा एक पडदा असतो. डिसेंबरात मी बाहेर ऑइल बदललं होतं आणि मिस्त्रीने स्वस्तातला फिल्टर बसवला होता. कंपनीचा मूळ फिल्टर आणि हँडबुकात लिहिलेल्याच ग्रेडचं ऑइल घातल्यावर खळखळ सेकंदाच्या आत आली. पूर्ण गेली नाही. चेन थोडी लांबली असावी असं मी धरून चालले आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, थंड इंजिन, बॉनेट बंद, फोन त्याच जागी ठेवून मी रेकॉर्डिंग करते. सोबत ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावते, कारण चेन फार लांबली की क्रँक आणि कॅमचा मेळ चुकतो आणि पी-००१६ हा कोड येऊ शकतो. अजून आलेला नाही. तो आला किंवा खळखळ वाढली की चेन बदलायची, आणि ते काम मी सर्व्हिस सेंटरमध्येच करीन.

स्कॅनरबद्दल इथेच सांगते. घरघर, खणखण, बेअरिंग हे त्याला कळत नाही. कोड नाही म्हणजे बिघाड नाही असं समजू नका.

आणि एकदा महागडं एस्टिमेट अगदी बरोबर निघालं. शेजारच्या काकांची डिझेल गाडी. ऑइलचा लाल दिवा लागलेला असताना ते देवासपासून घरी चालवत आले, आणि नंतर खालून जड ठक-ठक. मी चेंबरवर, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यावर, सळई लावली तर आवाज खालीच सगळ्यात मोठा, वर हेडवर जवळपास नाही. रेस सोडताना तो दुहेरी व्हायचा. मिस्त्रीने एकेका इंजेक्टरचा वायरिंगचा प्लग काढून पाहिला आणि तिसऱ्या सिलिंडरला ठोका मऊ पडला. म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. काकांना सर्व्हिस सेंटरने ८६,००० सांगितले होते आणि त्यांना माझ्याकडून काहीतरी स्वस्त निदान हवं होतं. मी त्यांना सांगितलं, काका, गाडी आता चालवू नका, टो करून न्या. इंजिन उघडल्यावर क्रँकवर ओरखडे होते पण तो वाचला. आणखी पन्नास किलोमीटर चालवली असती तर वाचला नसता.

हत्याराच्या उणिवा. धातूतून आवाज प्रवास करतो, म्हणून जवळजवळच्या दोन वस्तूंत नेमकी कोणती, हे पुष्कळदा कळत नाही. गाडी चालताना, लोडवर येणारा आवाज याने पकडता येत नाही. बिजासन घाटात चढताना येणारे इंजिनाचे ठोके (नॉकिंग) कुठले, ते मला आजवर सापडलेलं नाही. मेच्या उन्हात डिकीत राहून रबरी नळी कडक झाली आणि टोकाशी चिरली. मेडिकलच्या दुकानातून साध्या स्टेथोस्कोपची नळी आणून बसवली, ती जास्त चांगली निघाली. कानात घालायच्या बोंड्या टणक आहेत, पाच मिनिटांत दुखतात. आणि हे फार जपून वापरायचं आहे. ओढणी, मोकळे केस, गळ्यातली साखळी, सैल बाह्या, यांतलं काहीही नको. रेडिएटरचा पंखा स्वतःहून चालू होतो. फिरत्या पट्ट्याजवळ सळई नेताना माझा हात अजूनही थरथरतो आणि मला ते योग्यच वाटतं. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून ऐकत बसू नका, धुराचा विषारी वायू वासाने कळत नाही.

सर्व्हिस सेंटरशी माझं वागणं मात्र या चौदा महिन्यांत खूप बदललं. जॉब कार्डवर मी आता पार्टचं नाव लिहू देत नाही, लक्षण लिहायला लावते: "थंड इंजिन, सकाळी, एक सेकंद खळखळ, मग बंद." "चेन चेक करा" लिहिलं की चेनच बदलली जाते. गाडी आदल्या रात्री तिथे सोडते, म्हणजे टेक्निशियन सकाळी थंड इंजिन स्वतः ऐकू शकेल. अ‍ॅडव्हायझर नव्हे, टेक्निशियन. त्यांच्यातले काही फार जाणते आहेत, त्यांच्यापर्यंत पोचू दिलं जात नाही ही खरी अडचण आहे. आवाज नेमका कुठून येतो हे मला दाखवा, मग एस्टिमेट द्या, असं सांगते. काढलेले जुने पार्ट परत मागते. अल्टरनेटरचं बेअरिंग गेलं तर तिथे बहुधा पूर्ण अल्टरनेटर बदलतात. बेअरिंगवर ६२०३ असा काहीतरी नंबर कोरलेला असतो, आणि त्या नंबरावर बेअरिंगच्या दुकानात ते काही शे रुपयांत मिळतं. बाहेर काम केलं तर वॉरंटी जाईल, असं सरसकट सांगितलं जातं. २५ ऑगस्ट २०१४ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला होता, तो सुटे भाग आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांपर्यंत पोचू न दिल्याबद्दल. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, पण प्रश्न विचारणारी मी पहिली नाही एवढं बळ मला त्यातून मिळतं. जुनं एस्टिमेट हातात असेल तर ते नव्याने करून घ्या. २२ सप्टेंबर २०२५पासून सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, त्याआधी अनेक भागांवर २८ होता. आणि बिल अन्यायाचं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

गेल्या रविवारी अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला बारीक 'सूं' ऐकू आली. ऑक्टोबरच्या रेकॉर्डिंगमध्ये ती नाही. बाबांना ती ऐकू आली नाही, पण त्यांनी बेल्ट काढायला लावून पुली हाताने फिरवली आणि म्हणाले, किंचित खरखर आहे, अजून महिनाभर चालेल. डिसेंबरात नाशिकला लग्न आहे. त्याआधी अल्टरनेटरची दोन्ही बेअरिंगं बदलून घेणार आहे.