हागिया सोफियाची वरची गॅलरी: झोईच्या मोझेइकसाठी तरी जाच
इस्तंबूलच्या हागिया सोफियात (एकेकाळचं चर्च, आता मशीद) २०२४ पासून परदेशी पर्यटकांना वरच्या गॅलरीसाठी २५ युरो मोजावे लागतात. महागच, पण दक्षिण गॅलरीच्या पूर्व टोकाचं बायझंटाईन (पूर्व रोमन) सम्राज्ञी झोईचं मोझेइक पैसे वसूल करतं. ख्रिस्ताशेजारी थैली घेऊन उभा आहे तिचा तिसरा नवरा, सम्राट नववा कॉन्स्टंटाइन. त्याच्या मानेपाशी निरखून पाहा: चेहरा नंतर बसवलेला कळतो, वरची नावाची अक्षरंही बदललेली आहेत. मूळ चेहरा बहुधा पहिल्या नवऱ्याचा, रोमानोसचा. झोईचं आयुष्यही असंच उलथापालथीचं: एप्रिल १०४२ मध्ये तिचा दत्तक मुलगा, सम्राट पाचवा मायकेल, याने तिला बेटावर हाकललं. शहर बंडाने पेटलं, मायकेलचेच डोळे फोडले गेले. मग झोई आणि बहीण थिओडोरा, जेमतेम दोन महिने जोडीने गादीवर. बायकांनी ओढणी सोबत ठेवावी, डोकं झाकावं लागतं.