फ्लास्क-गुनिकॉर्नचे सात महिने आणि साबुदाण्याचे दोन रुपये

आषाढीच्या दोन दिवस आधी, पोह्यांचा घास तोंडात असतानाच इंदूरच्या सियागंज बाजारातून काकांचा फोन. "अरे, तुझा साबुदाणा एकदा साठ दाखवतो, परत बघितलं की अठ्ठावन्न. गिऱ्हाईक हसतंय!"

काकांच्या ठोक किराण्याचं हे ॲप मी फ्लास्कमध्ये (पायथॉनमध्ये वेब ॲप लिहायचं साधन) लिहिलंय, आणि गुनिकॉर्नवर (सर्व्हरवर असं ॲप चालवणारा प्रोग्राम) ते जूनपासून चालतंय. भावांची फाइल सुरुवातीला एकदाच ग्लोबल डिक्शनरीत (ॲपभर वापरता येणारी, मेमरीतली यादी) वाचायची, भाव बदलला की 'ताजे करा' बटण दाबायचं. माझ्या लॅपटॉपवर झकास. तिथे प्रोसेस, म्हणजे ॲपची चालू प्रत, एकच होती ना! सर्व्हरवर एका कोअरला ३ वर्कर, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणाऱ्या तीन प्रोसेस (कोअरच्या दुप्पट अधिक एक, हा गुनिकॉर्नच्या डॉक्युमेंटेशनमधलाच हिशेब), आणि प्रत्येकाची मेमरी वेगळी. बटणाची रिक्वेस्ट ज्याच्या हाती पडली त्यालाच नवा भाव कळला, बाकी दोघे जुनाच सांगत बसले. एकाने ५८ ने ५ क्विंटल उचलला. १००० रुपये गेले, ते मला अजून ऐकवले जातात.

मग एचयूपी सिग्नल (चालत्या प्रोसेसला पाठवायची खूण) सापडला. वर्कर सांभाळणाऱ्या मास्टर प्रोसेसला तो दिला की नवे वर्कर उभे राहतात, जुने हातातलं काम आटोपून जातात, ॲप बंद पडत नाही. नवरात्रापर्यंत मी त्याचे गोडवे गात होतो. पण १ जीबी रॅममध्ये भागावं म्हणून (मोठा सर्व्हर घ्यायला पैसे लागतात) प्रीलोड (ॲप एकदाच लोड करून वर्करांमध्ये मेमरी वाटायची सोय) चालू केलं आणि सगळं मुसळ केरात. ॲप मास्टरमध्येच आधी लोड झालेलं. नवे वर्करही तीच जुनी डिक्शनरी घेऊन जन्माला येणार. डॉक्युमेंटेशनमध्ये हे चक्क लिहिलंय, मीच वाचलं नव्हतं. काका म्हणाले, "आता हसत नाहीत, भांडतात."

सध्या दर रिक्वेस्टला फाइलची बदलल्याची वेळ तपासतो, बदलली असेल तरच वाचतो. प्रत्येक वर्कर आपलं आपण बघतो, त्यामुळे प्रीलोडही चालू ठेवता आलं. नवी डिक्शनरी पूर्ण भरून मगच जुनीच्या जागी ठेवा. मी आधी जुनी रिकामी करून भरायचो, तेवढ्यात कुणी आलं तर त्याला कोरी यादी. फाइलसुद्धा त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या नावाने पूर्ण लिहून मग नाव बदलायचं, म्हणजे अर्धवट लिहिलेली कुणी वाचत नाही.

मित्र रेडिस (सगळ्या वर्करांना सामाईक असा मेमरीतला डेटा साठा) लाव म्हणतात. दीडशे जिनसांसाठी आणखी एक सर्व्हिस सांभाळू? नको.

फ्लास्क-गुनिकॉर्नला ५ पैकी ४. काका मात्र रोज सकाळी पेज तीनदा रिफ्रेश करतात, आणि तिन्ही वेळा एकच भाव आला तरच गल्ल्यावर बसतात.