रेषा जुळली होती, मशीन मात्र टेबलावरच होतं

राग अजून उतरलेला नाही. लाजही वाटते, तरी लिहितोय. बाबांच्या दोन्ही कानांसाठी ओपन-फिट, म्हणजे कान पूर्ण न बुजवणारी, ऐकण्याची मशीनं घेतली, त्यात त्यांचं पाच महिन्यांचं पेन्शन गेलं. वर बिलात ‘रिअल इअर पडताळणी’ अशी वेगळी ओळ, एकूण रकमेच्या ६ टक्के. ही पडताळणी म्हणजे कानात बारीक नळी घालून मशीनचा आवाज तिथेच मोजणं. ती झालीच नाही. गोड बोलणं, आजच घेतलं तर सूट, हे तुम्हाला ठाऊक आहे, उगाळत नाही.

मी डोळे मिटून घेतलं नव्हतं. ऑडिओग्राम, म्हणजे कोणता आवाज किती मोठा केला की ऐकू येतो त्याचा आलेख, नीट समजून घेतला होता. ५०० हर्ट्झच्या जाड आवाजाला २० डेसिबल म्हणजे जवळजवळ ठीक, ४००० हर्ट्झच्या बारीक आवाजाला ६०. अशा कानाला उघडा डोम, म्हणजे मशीनच्या टोकाची भोकं असलेली मऊ टोपीच बरी. कान कोंदत नाही, स्वतःचा आवाज घुमत नाही. निवड चुकली नव्हती.

चुकलो ते एका क्षणी. तो क्षण डोळ्यांसमोरून हलत नाही. विक्रेत्याने कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. हिरवी रेषा टार्गेटच्या, म्हणजे बाबांच्या कानात जेवढा आवाज पोचायला हवा त्या रेषेवर तंतोतंत बसलेली. “बघा काका, परफेक्ट!” बाबा समोर खुर्चीत आणि दोन्ही मशीनं टेबलावर, केबलला लावलेली. बाबांच्या कानात काहीच नव्हतं. मशीन नाही, नळी नाही. मग कानातला आवाज मोजला कोणी? ती रेषा सॉफ्टवेअरचा अंदाज होता, सरासरी कानावरून काढलेला. हे सगळं माझ्यासमोर घडत होतं आणि मी बाबांना म्हणालो, “चला, झालं काम.”

घरी आलो तर मशीनमधून शिट्टी वाजायला लागली. परत गेलो. त्याने वरच्या फ्रिक्वेन्सी उतरवल्या, शिट्टी थांबली, आम्ही खूश. ज्या बारीक आवाजांसाठी मशीन घेतलं, नेमके तेच त्याने कापले होते. शिट्टी थांबली म्हणून हुरळू नका, काय कमी केलं ते विचारा. बाबांना ‘साठ’चं ‘आठ’च ऐकू येत राहिलं. “आवाज येतो रे, शब्द लागत नाहीत,” ते म्हणायचे, आणि मी त्यांच्यावरच चिडायचो. कारण मला सांगितलं होतं, मेंदूला सवय व्हायला सहा आठवडे लागतात. सवय व्हायला वेळ लागतो हे खरंच आहे. पण परत करायची मुदत ३० दिवसांची होती!

मग दुसरीकडे, एका ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे गेलो. त्याने आधी कानात दिव्याने पाहिलं. मग मऊ, बारीक नळी कानाच्या पडद्यापासून ५-६ मिलिमीटरवर येईल इतकी आत सरकवली, रिकामा कान मोजला, मशीन कानात घालून पण बंद ठेवून स्पीकरचा आवाज ठरवून घेतला. ओपन-फिटला हे बंद ठेवणं फार महत्त्वाचं. वाढवलेला आवाज उघड्या डोममधून बाहेर गळतो, कानाजवळच्या माइकमध्ये शिरतो, यंत्रणेला वाटतं स्पीकरच मोठा झाला, ती तो उतरवते आणि आकडे बिघडतात. मग मशीन चालू करून ६५ डेसिबलचं बोलणं ऐकवलं. टार्गेटपेक्षा ३००० हर्ट्झला १४ डेसिबल कमी, ४००० ला १७.

हे आकडे घेऊन विक्रेत्याकडे गेलो. त्याने मशीनं कंपनीला पाठवली, तिथून ‘दोष नाही’ असा शेरा आला. तपासली कशावर? कपलरवर! २ घनसेंटिमीटरची बंद पोकळी ती. उघड्या कानातून किती गळतं हे तिला कसं कळणार? ग्राहक तक्रार कक्षाने तोच शेरा माझ्यापुढे धरला. “मशीन चालू आहे, मग फसवणूक कसली?” बिलातली ओळ दाखवली, तर म्हणे तांत्रिक बाब आहे, व्यावसायिकांच्या नियामकाकडे जा. तिथे म्हणाले, विक्रीची बाब आहे, तक्रार कक्षात जा. ११ आठवडे, चार फेऱ्या. एका फेरीत बाबांनाच बोलावलं, खाली मान घालून पुटपुटत प्रश्न विचारले आणि मी उत्तर दिलं तर “त्यांना बोलू द्या” म्हणून मला गप्प केलं. मोजमापाचा कागद कुठे आहे, हा एक प्रश्न कोणीही विक्रेत्याला विचारला नाही.

तुम्ही तो पैसे देण्याआधी विचारा. कागदावर रिकाम्या कानाची रेषा नसेल तर सही करू नका. आणि घरचं माणूस शब्द लागत नाहीत म्हणालं, तर मुदत संपायच्या आत त्याचं ऐका.

मशीनं नव्याने लावून घेतली, त्याचे पैसे वेगळे गेले. बाबांना आता ‘साठ’ साठच ऐकू येतं. सोमवारी पाचवी फेरी आहे.