गोल्फ क्लबचे फिटिंग करून घेताना पडद्यावरच्या यार्डांवर विश्वास ठेवण्यापूर्वी

पुण्यातील एका इनडोअर गोल्फ स्टुडिओत माझी जी फसवणूक झाली, ती नेमकी कोणत्या पद्धतीने करण्यात आली हे मी येथे सविस्तर लिहीत आहे, कारण प्रत्येक क्लबने, म्हणजे चेंडू मारायच्या काठीने, आपला चेंडू किती अंतर जातो हे मोजून घेण्यासाठी अशा स्टुडिओत जाणाऱ्यांची संख्या वाढत आहे आणि हीच पद्धत इतरांवरही सहज वापरता येण्यासारखी आहे. स्टुडिओचे नाव देणार नाही, कारण तक्रार अद्याप प्रलंबित आहे.

मी तेथे केवळ मोजमापासाठी गेलो होतो. माझा जुना आयर्नचा, म्हणजे धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबांचा, संच चांगल्या स्थितीत होता. यात नंबर जितका लहान, तितका चेंडू लांब जातो. फक्त सहा, सात आणि आठ नंबरच्या आयर्नमध्ये प्रत्यक्ष किती यार्डांचा फरक पडतो हे मला जाणून घ्यायचे होते. तेथील फिटरने, म्हणजे क्लब जुळवून देणाऱ्याने, आधी माझ्या सात नंबर आयर्नने चेंडू मारायला लावले आणि पडद्यावर सरासरी १३६ यार्ड दाखवले. त्यानंतर ‘तुलनेसाठी’ म्हणून एका नव्या संचातील सात नंबर आयर्न हातात दिली आणि त्याच पडद्यावर १६८ यार्ड आले. एकाच क्रमांकाच्या क्लबमध्ये ३२ यार्डांचा फरक म्हणजे कोर्सवर जवळजवळ तीन क्लबांचा फरक. जुना संच एक्स्चेंजमध्ये घेऊन, वर सुमारे दीड लाख रुपये आकारून नवा संच मला विकण्यात आला.

कोर्सवर त्या १६८ यार्डांचा कुठेही पत्ता लागला नाही. साधारण १६० यार्डांच्या पार-३ होलवर, जेथे पहिल्याच फटक्यात ग्रीन म्हणजे झेंड्याभोवतीची हिरवळ गाठायची असते, नीट लागलेला चेंडूही ग्रीनच्या आधीच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) किंवा पाण्यात पडू लागला. तेव्हा मी स्टुडिओने ईमेलने पाठवलेला संपूर्ण अहवाल काढला आणि पडद्यावर न दाखवलेले रकाने एकेक करून वाचले. सगळा प्रकार त्या रकान्यांतच नोंदलेला होता.

पहिली गोष्ट म्हणजे जुन्या क्लबचे १३६ यार्ड हे कॅरीचे अंतर होते, म्हणजे चेंडू हवेतून जाऊन जमिनीला प्रथम टेकेपर्यंतचे, तर नव्या क्लबचे १६८ यार्ड हे एकूण अंतर होते, ज्यात टप्पा पडल्यानंतरचे घरंगळणेही धरलेले होते. पडद्यावरचा मोठा आकडा दोन्ही वेळा एकाच जागी, एकाच आकारात दिसत होता. नव्या क्लबची कॅरी १५८ होती.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. इनडोअर स्टुडिओत चेंडू काही मीटरवरच्या पडद्यावर आदळतो. पुढचे सगळे उड्डाण चेंडूचा वेग, उडण्याचा कोन आणि स्पिन यांवरून संगणक गणिताने काढतो, आणि त्या गणितात समुद्रसपाटीपासूनची उंची व तापमान हे चालवणारा माणूस भरतो. उंचीवर हवा विरळ असल्याने चेंडू लांब जातो. ढोबळमानाने दर हजार फुटांमागे अंतर एक टक्क्याहून थोडे अधिक वाढते. जुन्या क्लबच्या पानावर उंची शून्य होती, नव्याच्या पानावर ७,००० फूट. पुणे सुमारे ५६० मीटरवर, म्हणजे १,८५० फुटांच्या आत आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेले कळसूबाईदेखील १,६४६ मीटर, म्हणजे साधारण ५,४०० फूट उंच आहे. एकाच खोलीत, अर्ध्या तासाच्या अंतराने घेतलेल्या दोन मोजमापांत ही सेटिंग आपोआप बदलत नाही. ती कोणीतरी बदलावी लागते. बारा यार्ड केवळ येथून आले होते.

उरलेल्या दहा यार्डांचे कारण क्लबमध्येच होते. माझ्या जुन्या सात नंबरचा लोफ्ट, म्हणजे क्लबच्या तोंडाचा मागे झुकलेला कोन, ३४ अंश होता (तो जितका कमी, तितका चेंडू सहसा लांब जातो) आणि नव्याचा २९ अंश. माझ्या जुन्या संचातील सहा नंबरचा लोफ्ट ३० अंश होता. म्हणजे व्यवहारात मला सहा नंबरचीच आयर्न, सात आकडा कोरून विकण्यात आली. कमी लोफ्टचे सात नंबर हल्ली अनेक कंपन्या उघडपणे बनवतात आणि त्यात स्वतःहून गैर काही नाही, परंतु तुलना करताना लोफ्टचा उल्लेखही न करणे ही ग्राहकापासून केलेली लपवाछपवी आहे. शिवाय अशा संचात पिचिंग वेजही (वेज म्हणजे जवळच्या फटक्यांचा जास्त लोफ्टचा क्लब) ४३-४४ अंशांची येते, त्यामुळे तिच्यात आणि ५२ अंशांच्या वेजमध्ये मोठी पोकळी पडते आणि ती भरायला आणखी एक वेज घ्यावी लागते. मलाही ती घ्यावी लागली. बॅगेत १४ क्लबांचीच मर्यादा असल्याने त्यासाठी एक हायब्रिड, म्हणजे लांब फटक्यांचा क्लब, बाहेर काढावी लागली. यात भर म्हणजे माझ्या क्लबने झिजलेले रेंज बॉल, म्हणजे सरावाच्या मैदानावरचे (रेंजवरचे) चेंडू, मारायला लावले होते, तेही अंग मोकळे होण्याआधी, आणि नव्या क्लबसाठी नवे कोरे चेंडू ठेवले होते.

या सगळ्यात ज्या आकड्याला ते हात लावू शकले नाहीत, तो म्हणजे बॉल स्पीड, कारण तो चेंडू निघताक्षणी प्रत्यक्ष मोजला जातो. जुन्या क्लबने तो ताशी १०१ मैल होता आणि नव्याने १०५. चेंडूचे उड्डाण मोजणारी यंत्रे बनवणाऱ्या ट्रॅकमॅन या डॅनिश कंपनीने अनेक वर्षे प्रसिद्ध केलेल्या सरासरीनुसार पीजीए टूर या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धामालिकेतील खेळाडूंचा सात नंबरचा बॉल स्पीड सुमारे १२० मैल आणि कॅरी सुमारे १७२ यार्ड होती. ताशी १०५ मैलांच्या चेंडूला मैदानी प्रदेशात १६८ यार्ड मिळणे शक्यच नाही. नंतर मी उघड्या रेंजवर, चेंडूचे संपूर्ण उड्डाण टिपणाऱ्या रडारवर, माझ्या नेहमीच्या चेंडूंनी नवा क्लब मोजला, तेव्हा कॅरी १४५ ते १४८ यार्डांत राहिली. म्हणजे दोष स्टुडिओतल्या यंत्राचा नव्हता.

म्हणून मोजमाप करून घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, स्वतः खेळता तेच चेंडू सोबत न्यावेत, अंग पूर्ण मोकळे झाल्यावरच मोजणी सुरू करावी आणि दोन्ही क्लब आलटून पालटून मारावेत. पडद्यावर कॅरी, बॉल स्पीड आणि उंचीची सेटिंग सतत दिसू द्यावी आणि मोजणी संपताच त्या पडद्याचे छायाचित्र घ्यावे. क्लबचा लोफ्ट अंशांत लिहून मागावा. रेंजवर सराव करताना अंतर काढायचे असेल, तर झेंड्यापर्यंतचे अंतर आपण उभे आहोत त्या मॅटपासून लेझरने स्वतः मोजावे, कारण फलकावरचा आकडा बहुधा एकाच ओळीपासूनचा असतो. आणि सर्वांत लांब गेलेला एखादा फटका नव्हे, तर बहुतेक चेंडू जेथे पडतात ते अंतर वहीत लिहावे. मॅटवर क्लब चेंडूमागे टेकला तरी घसरून पुढे जातो आणि फटका बरा दिसतो, त्यामुळे शक्य असेल तेथे गवतावरच मोजावे. जुना संच त्याच दिवशी एक्स्चेंजमध्ये देऊ नये. तो परत मागितला तेव्हा तो विकला गेल्याचे मला सांगण्यात आले.

स्टुडिओचे लेखी उत्तर असे की, पडद्यावरील अंतरे ‘अंदाजे’ असतात. मी अहवालाची दोन्ही पाने, बिल आणि उघड्या रेंजवरील मोजमाप जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि तेथे दाखल करायचा अर्ज मी तयार करत आहे.