काचेच्या शेडला तारेचा कणा: दहा महिन्यांनंतर

गेल्या मे महिन्यात जेवणाच्या टेबलावर टांगलेल्या दिव्याची काचेची शेड पुसताना वरच्या पितळी टोपीखाली नखाएवढी फट दिसली आणि पोटात गोळाच आला. स्वतः कापलेल्या १६ काचा, १४ इंच व्यास, अडीच किलोच्या आसपास वजन, आणि त्याखाली रोज जेवायला बसणारी आम्ही चौघं. त्याच दिवशी ती उतरवली.

काच कुठेच तडकली नव्हती. अशा शेडमध्ये प्रत्येक काचेच्या कडेला चिकट तांब्याची पट्टी गुंडाळतात आणि पट्ट्या सोल्डरने, म्हणजे वितळवून ओतलेल्या मऊ मिश्रधातूने, जोडतात. सोल्डर तांब्याला धरतं, काचेला नाही. काच अडकते ती पट्टीच्या दुमडलेल्या कडेत आणि गोंदावर. माझ्या शेडचं सगळं वजन वरच्या पितळी टोपीवर, आणि टोपीला मी सोल्डरचे चारच ठिपके दिलेले. त्यात ६० वॅटचा पिवळा बल्ब. उष्णता वर साठून गोंद ढिला पडला.

आधी टोपीवरचा लॅकरचा चकचकीत लेप घासून काढलं आणि आतून पूर्ण कल्हई केल्यासारखं सोल्डर चढवलं. इथे ६० वॅटचं सोल्डरिंग आयर्न (सोल्डर वितळवायचं तापतं हत्यार) पुरलं नाही. पितळ सगळी उष्णता पिऊन टाकतं आणि सोल्डर दाणेदार, कच्चं बसतं. १०० वॅटचं घेतल्यावर ते पाण्यासारखं पसरलं.

मग तार. लोहार चाळीतल्या दुकानदारानं सांगितलं, "ताई, नरम घ्या, कडक तार वळणावर उसळते." अगदी खरं होतं. १६ गेजची नरम तांब्याची तार खालच्या कडेला गोल फिरवली, टोकं दोन इंच एकमेकांवर घेतली. शिवाय आतून एक सोडून एक सांध्यावर टोपीपासून खालच्या कडेपर्यंत उभ्या आठ तारा बसवून सोल्डरमध्ये बुडवल्या. सगळा फरक या उभ्या तारांनी पडला. आता खालच्या काचांचं वजन गोंदावर न येता तारेतून थेट टोपीत जातं. तारा सांध्यावरच असल्यामुळे दिवा लावला तरी दिसत नाहीत.

त्यानंतर अख्खा पावसाळा गेला, पंख्याच्या वाऱ्यावर शेड रोज डोलते. दर महिन्याला टोपीखाली कागदाची कड सरकवून बघते. कुठेच शिरत नाही. बल्ब आता ७ वॅटचा एलईडी आहे, टोपीला हात लावता येतो.

तक्रारी दोन. कडेला आयर्न जास्त वेळ टेकलं म्हणून एक काच तडकली. हिरवी होती, तशी पुन्हा मिळाली नाही, याचं अजून वाईट वाटतं. आणि ऑगस्टमध्ये सोल्डरवर पांढरी भुकटी आली. फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून आधी लावतात ते रसायन) नीट धुतला गेला नव्हता, वर माहीमची खारी हवा. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन, पूर्ण वाळवून मेण चोळलं. परत आली नाही.

६०/४० सोल्डरमध्ये ४० टक्के शिसं असतं. हे काम स्वयंपाकघरात करू नका, हात साबणानं धुवा, मुलांना लांब ठेवा.

बहिणीसाठी दुसरी शेड करायला घेतली आहे. तिच्या उभ्या तारा टोपी बसवायच्या आधीच घालतेय, म्हणजे आयर्न आत मोकळेपणानं फिरतं आणि काच तापत नाही.